ढोलीतला डबा

एसटी स्टँडवर, रेल्वे स्थानकावर, बसच्या आसनामागे आपण आयुष्यभर एकच सूचना वाचत आलो आहोत: बेवारस वस्तूला हात लावू नका. त्यामुळे अमेरिकेत मुलाकडे पोहोचल्यावर दुसऱ्याच आठवड्यात माझ्या नऊ वर्षांच्या नातीने एका वठलेल्या झाडाच्या ढोलीत कोपरापर्यंत हात घालून हिरव्या रंगाचा एक डबा बाहेर ओढला, तेव्हा मी चक्क ओरडले. ती मात्र खाली बसून शांतपणे डब्याच्या कड्या उघडत होती. आत एक वही, पेन्सिलीचा तुकडा, दोन गोट्या, एक प्लॅस्टिकचा डायनोसॉर आणि परदेशी नाणे. तिने वहीत तारीख घातली, आपले टोपणनाव लिहिले आणि वही व पेन्सिल माझ्या यजमानांपुढे धरली. "आजोबा, आता तुमची सही."

त्यांनी हात मागे घेतला. तो का घेतला हे मला ठाऊक होते. नातीला ते ठाऊक नव्हते, आणि पुढे जे घडले ते बहुधा त्यामुळेच घडले.

आमचे हे पाटबंधारे खात्यात सर्वेक्षक होते. विदर्भातील कित्येक कालव्यांच्या रेषा त्यांनी थिओडोलाइट खांद्यावर वाहून आखल्या. सहा वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सनचे, म्हणजेच कंपवाताचे निदान झाले. हाताचा कंप लोकांना दिसतो, म्हणून या आजाराला तेच नाव पडले. पण घरातल्या माणसाला जास्त छळतात त्या न दिसणाऱ्या गोष्टी. चालता चालता पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. आवाज बारीक होतो. आणि अक्षर लहान होत जाते. ओळीच्या सुरुवातीला बरे असलेले अक्षर शेवटाला मुंगीएवढे होते. दोन वर्षांपूर्वी सही जुळत नाही म्हणून त्यांचा एक धनादेश परत आला. तेव्हापासून त्यांनी सही करणेच सोडले. घरातले सारे कागद माझ्या सहीने फिरू लागले. वर्तमानपत्रातील शब्दकोडेसुद्धा ते तोंडी सोडवत आणि मी भरत असे.

कंपवाताच्या रुग्णांच्या मेळाव्यांतून सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. शब्द सुंदर आहे. पण शुभंकराची हळूहळू पहारेकरीण कशी होते, हे मी माझ्यावरूनच सांगू शकते. नागपुरात मी त्यांना एकट्याने फाटकापर्यंतही जाऊ देत नसे. अमेरिकेत रेडमंडला मुलाच्या घरी तर जाड गालिचे, जिने आणि निसरडी स्नानगृहे. मी त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवले आणि सहा महिने ती खुर्ची त्यांनी सोडू नये अशीच मनोमन व्यवस्था केली.

नातीच्या त्या छंदाचे नाव जिओकॅशिंग. यातल्या 'कॅश'चा रोकडीशी संबंध नाही. फ्रेंच भाषेतील लपवणे या अर्थाच्या क्रियापदावरून तो शब्द आला आहे. कोणीतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश सर्वांसाठी जाहीर करतो, आणि ज्याला हौस असेल त्याने मोबाइलमधील उपग्रहाच्या दिशादर्शनाने तो शोधायचा. सापडल्यावर वहीत नोंद करायची, आतली एखादी वस्तू घ्यावीशी वाटली तर तितक्याच मोलाची आपली ठेवायची, आणि डबा होता तसाच परत ठेवायचा. खाण्याचे पदार्थ, मद्य, शस्त्रे आत ठेवायची नाहीत. जमीन खणून डबा पुरायचा नाही. जागामालकाची परवानगी हवी. दोन डब्यांत किमान दशांश मैलाचे अंतर हवे. नियम इतकेच.

डबाही दर वेळी डबाच असतो असे नाही. लष्करी काडतुसांची जुनी पेटी असते, छायाचित्राच्या रिळाची डबी असते, पोकळ दगड असतो. सर्वांत छोट्या प्रकाराला 'नॅनो' म्हणतात. शिवणकामाच्या टोपणाहूनही लहान, मागे लोहचुंबक लावलेली डबी, बाकाच्या लोखंडी पायाला आतून चिकटवलेली. तिच्यात कागदाची करंगळीच्या नखाहून अरुंद पट्टी गुंडाळलेली असते.

या नॅनोनेच आमच्या घरात चमत्कार केला. चमत्कार हा शब्द मी जपून वापरते, कारण आजारात त्याने तसूभर फरक पडलेला नाही. ढोलीपाशी सही नाकारल्यानंतर चार दिवसांनी नातीला एका बाकाखाली अशी डबी सापडली. त्या पट्टीवर तिचे गोल, मोठे अक्षर मावेना. दोनदा खोडून झाल्यावर ती रडकुंडीला आली. हे बाकावर बसले होते. त्यांनी पेन्सिल मागितली, मनगट गुडघ्यावर टेकवले, आणि आपल्या आक्रसलेल्या अक्षरात त्या कोपऱ्यात तारीख, तिचे टोपणनाव आणि स्वतःची सही तिन्ही बसवून दाखवले. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही किती छान बारीक लिहिता!" मी दुसरीकडे पाहू लागले.

त्या दिवसापासून नॅनोची नोंद करणे हे त्यांचे काम ठरले. पेन्सिल टोकदार हवी, असा त्यांचा आग्रह असे. ते घरून निघण्यापूर्वी ती स्वतः तासून घेत.

रेडमंडचे मॅरीमूर उद्यान या खेळासाठी आम्हांला फार सोयीचे पडले. ६४० एकरांचा तो विस्तार. एका अंगाला सॅमामिश सरोवर, आणि त्यातून निघून उत्तरेकडे वाहणारी त्याच नावाची संथ नदी. नदीकाठाने सपाट डांबरी पायवाट गेली आहे. तिच्यावरून सायकली, बाबागाड्या आणि चाकांच्या खुर्च्या सारख्याच सुखाने जातात. कडेला देवदारांच्या कुळातली उंच झाडे, त्यांच्या पायथ्याशी तलवारीच्या पात्यासारख्या पानांचे नेचे. जूनमध्ये तिथे रात्री नऊ वाजून गेल्यावर सूर्य मावळतो, त्यामुळे संध्याकाळ कधी संपतच नाही असे वाटे. काटेरी जाळ्या मात्र सर्वत्र माजलेल्या. त्यांना तिथे 'हिमालयन ब्लॅकबेरी' म्हणतात. वास्तविक ती मूळची आर्मेनिया-इराणकडची. हिमालयाचे नाव तिला चुकून चिकटले. पण ऑगस्टमध्ये तिची काळीभोर फळे तोडताना आमच्या यांनी "आपल्याच देशाची पाहुणी" म्हणून तिची पाठराखण केली.

वृद्धांच्या आणि त्यांना सांभाळणाऱ्यांच्या दृष्टीने या छंदातली एक सोय मोलाची आहे. प्रत्येक डब्याला दोन अंक दिलेले असतात, दोन्ही एक ते पाचच्या मापात. पहिला अंक शोधणे किती कठीण हे सांगतो, दुसरा तिथवरची वाट किती कठीण हे सांगतो. वाटेचा अंक एक असेल तर चाकांची खुर्ची तिथपर्यंत जाऊ शकते असे समजायचे. पाच असेल तर दोर, होडी असले काही लागणार. घरी बसूनच आपल्या पायांना झेपेल ते निवडता येते. आम्ही एक आणि दीडच्या पुढे गेलो नाही, आणि सहा महिन्यांत ते डबे संपलेही नाहीत.

बाकी पथ्ये आम्ही अनुभवाने ठरवली. औषधाची गोळी घेतल्यानंतर त्यांचे अंग मोकळे होण्याचा जो काळ असतो, त्यातच बाहेर पडायचे आणि तो संपण्याआधी मोटारीत परत यायचे. जेवणातील प्रथिने त्या गोळीच्या शोषणात अडथळा आणू शकतात, म्हणून दोहोंत अंतर ठेवायला आमच्या डॉक्टरांनी पूर्वीच सांगितले होते. तेव्हा आमटी, उसळ रात्री. वाकण्याचे, हात घालण्याचे काम नातीचे, कारण वाकून एकदम उठल्यावर त्यांना भोवळ येते. नकाशा पाहणे, अंतर सांगणे आणि नोंद करणे आजोबांचे. माझे काम पाण्याची बाटली, घडीची खुर्ची आणि स्वच्छतागृह कुठे आहे याची चौकशी. ही वाटणी मला त्या वेळी अपमानास्पद वाटली होती, हे कबूल करते.

जुलैत तो प्रसंग घडला. मी स्वच्छतागृहाकडे गेले होते. परतते तो बाकावर हे नाहीत, नातही नाही. शंभर पावलांवर एका कुंपणाच्या आणि झुडपांच्या चिंचोळ्या फटीत ते उभे होते, पुढे वाकलेले, पाय जमिनीला चिकटलेले. अरुंद जागेत आणि वळताना असे होते हे आम्हांला माहीत होते. तरी ते आत गेले होते, कारण मोबाइल पुढे सहा मीटर दाखवत होता. मी धावत सुटले. मी पोहोचण्यापूर्वी नातीने आपली फिरायची काठी त्यांच्या पावलांपुढे आडवी ठेवली होती. नागपूरच्या फिजिओथेरपिस्टबाईंनी हेच शिकवले होते: पुढ्यात आडवी रेघ दिसली की मेंदूला ओलांडायला काहीतरी मिळते आणि पाऊल उचलले जाते. घरी दिवाणखान्यात रंगीत चिकटपट्ट्या लावून आम्ही तो सराव करत असू आणि नातीने तो पाहिला होता. त्यांनी काठी ओलांडली. तिने ती पुन्हा पुढे ठेवली. अशा पाच काठ्या ओलांडून ते बाहेर आले.

त्या रात्री मी मुलाशी भांडले. म्हटले, "उद्यापासून हे बंद. बाबांचे खुब्याचे हाड मोडले तर परक्या देशात निस्तरणार कोण?" मुलगा गप्प राहिला. बोलले ते हेच, त्या बारीक झालेल्या आवाजात. "अगं, चाळीस वर्षे मी डोंगरांतून फिरलो. पडलोही. तू मला सांभाळतेस ते मला कळते. पण मला ठेवून देऊ नकोस." ठेवून देणे हा शब्द आपण हिवाळा सरल्यावर दुलयांसाठी वापरतो. मला रात्रभर झोप आली नाही.

सकाळी मी तीन अटी घातल्या. नजरेआड जायचे नाही. फटीत शिरायचे नाही. आणि मी 'पुरे' म्हटले की डबा हातभर अंतरावर असला तरी परतायचे. त्यांनी तिसरीवर बरीच घासाघीस केली आणि दोन मिनिटांची सवलत मिळवली.

या खेळाला समाज आहे, हे आम्हांला उशिरा कळले. ऑगस्टमध्ये एका उद्यानात हौशी मंडळींचा मेळावा होता. सारे एकमेकांना टोपणनावांनीच ओळखतात. खेळाबाहेरच्या लोकांना ते 'मगल' म्हणतात. हॅरी पॉटरच्या कथांमध्ये जादू न येणाऱ्यांसाठी असलेला हा शब्द. नातीच्या मते मी अजून मगलच आहे. मेळाव्यात तरुण होतेच, पण पिकल्या केसांची माणसे मी कल्पना केली होती त्याहून पुष्कळ जास्त होती. एका गृहस्थांच्या वॉकरला पुढे टोपली होती आणि तीत हातमोजे, चिमटा, छोटा आरसा, विजेरी असा सरंजाम. आरसा बाकाखाली न वाकता पाहण्यासाठी. ती युक्ती मी लगेच उचलली. एक वयस्क बाई पतीच्या निधनानंतरही नोंद दोघांच्या जोडनावानेच करतात. मेळाव्यानंतर सर्वांनी पिशव्या घेऊन उद्यानातला कचरा गोळा केला. 'डबा शोधा, कचरा न्या' ही प्रथा या मंडळींत २००२ पासून आहे. आमच्या यांनी खुर्चीत बसून कचऱ्याचे वर्गीकरण केले आणि दोन अमेरिकनांना त्याबद्दल व्याख्यानही दिले.

सप्टेंबरमध्ये मुलाने आम्हांला ओरेगनला नेले, जिथून हे सारे सुरू झाले त्या जागी. उपग्रहांचे संकेत पूर्वी सामान्य लोकांसाठी मुद्दाम सदोष ठेवले जात, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकत असे. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी तो दोष काढून टाकण्याची घोषणा केली ती १ मे २००० रोजी, म्हणजे आपल्या महाराष्ट्र दिनी. रातोरात यंत्रे कितीतरी पटींनी अचूक झाली. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या संगणक अभियंत्याने पोर्टलंडच्या दक्षिणेस बीव्हरक्रीक गावाजवळ जंगलाच्या कडेला एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले: उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटे, पश्चिम १२२ अंश २४.८०० मिनिटे. बादलीत पुस्तके, चित्रफिती, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक डबाही होता. माइक टीग या गृहस्थाने ती प्रथम शोधली. 'जिओकॅशिंग' हे नाव त्याच महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम यांनी सुचवले. आधी जो इंग्रजी शब्द वापरात होता, त्याला अमली पदार्थ दडवण्याचा वास येत होता.

मोटारीत साडेतीन तास गेले. कोलंबिया नदी ओलांडली, पोर्टलंड मागे पडले, रस्ता अरुंद होत गेला. मला वाटले होते काही स्मारक असेल, तिकीटघर असेल. तसे काही नाही. रस्त्याच्या कडेला झाडांखाली जमिनीलगत बसवलेली धातूची एक पाटी, एवढेच. सूनबाई थोडी निराश झाली. मोटारीतून उतरून पाटीपर्यंत जेमतेम काही पावले चालायची. तीही हे नातीच्या खांद्यावर हात ठेवून मोजत मोजत चालले.

तिथे उभे राहून त्यांनी नातीला जे सांगितले, ते मीही प्रथमच ऐकत होते. हे मूळचे हिंगणघाटचे. विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ एक आधाररेषा साखळीने मोजली आणि तिच्यावरून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत हिंदुस्थान मोजायला काढला. त्याचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. तो डोंगरमाथ्यांवर माणसांनी चढवायचा. काम चालू असतानाच १८२३ मध्ये हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे. "शाळेत असताना आम्ही त्या कबरीपाशी विटीदांडू खेळायचो. साहेब कोण होता ते आम्हांला माहीत नव्हते. नोकरीला लागल्यावर कळले." मग ते म्हणाले, "ज्या कामासाठी हत्तीएवढे सामान आणि पन्नास वर्षे लागत, ते तुझ्या खिशात आहे. म्हणून डबा शोधताना आकडा नीट वाचावा." नातीने मान हलवली. तिचे लक्ष बहुधा जवळच दडवलेल्या डब्याकडे होते. तो सापडला, वही निघाली, आणि त्या वहीत त्यांनी सही केली. कागद मोठा होता. सही कोपऱ्यातच झाली.

ऑक्टोबरमध्ये आम्ही नागपूरला परतलो. इथे तो खेळ तसाच खेळणे सोपे नाही. भारतात असे डबे विरळ आहेत. शिवाय सार्वजनिक ठिकाणी डबा दडवून ठेवणे म्हणजे पोलिसांना निमंत्रण, आणि संरक्षित स्मारके व जंगले यांत काहीही ठेवणे गैरच. पहिल्या आठवड्यात मी त्यांना शून्य मैलाच्या स्तंभापाशी घेऊन गेले. नातीने त्याचे अक्षांश-रेखांश पाठवायला सांगितले होते. त्यांनी दोनदा मोजून पाठवले. तिथल्या सर्वेक्षणाच्या जुन्या दगडावर ते बराच वेळ हात ठेवून उभे होते.

मग आमच्या वसाहतीच्या बागेत त्यांनी स्वतःची तजवीज केली. सचिवांची लेखी परवानगी, रखवालदाराला सविस्तर कल्पना, आणि लोणच्याची रिकामी बरणी. इथे मोबाइलची गरज नाही. दर सोमवारी फलकावर पत्ता लागतो: पाण्याच्या टाकीपासून पूर्वेला अमुक पावले, तिथून कडुनिंबाकडे तमुक. पावले कोणाची, यावरून पहिल्या आठवड्यात तंटा झाला. आता प्रत्येकाने आपली पावले आधी दहा मीटरच्या पट्टीवर मोजून घ्यावीत असा नियम आहे. बरणी नेहमी कमरेच्या उंचीवर असते आणि वाट फरशीची असते, ही माझी अट.

माझी प्रकृती त्यांच्यापेक्षा बरी, तरी आमच्यात चालणे त्यांचेच वाढले आहे असे मी म्हणणार नाही. गेल्या दोन महिन्यांत पाय खिळण्याचे प्रसंग थोडे वाढले आहेत, गोळीची मात्रा बदलली आहे. काही सोमवारी ते खुर्चीतूनच पत्ता सांगतात आणि फलकावर मी लिहिते. पण बरणी लपवायला ते स्वतः जातात. मी दहा पावले मागे असते. काठी त्यांच्या हातात असते आणि दुसरी माझ्या, आडवी ठेवायला.

वहीत आजवर तेवीस जणांच्या नोंदी आहेत. तळमजल्यावरच्या आजींना अर्धांगवायूनंतर डाव्या हाताने लिहावे लागते. त्यांची नोंद दोन ओळी भरून असते. तिच्याखाली उरलेल्या जागेत यांची सही.